घरात कुत्रा आणि घरच्याच माणसाला ॲलर्जी: आधी काय करायचं, नंतर काय

कुत्र्याची ॲलर्जी निघाली की बहुतेक घरांत काय होतं, तर पहिल्याच आठवड्यात एअर प्युरिफायर येतो, कुत्र्याचे केस बारीक कापले जातात, रोज आंघोळ सुरू होते, आणि महिनाभरात कुत्र्याची कातडी कोरडी पडलेली असते, प्युरिफायर सोफ्यामागे घुमत असतो आणि ज्याला ॲलर्जी आहे तो माणूस रात्री तसाच शिंकत असतो. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं, "सगळं करून बघितलं, काही उपयोग नाही." सगळं केलेलं असतं हे खरं, पण उलट्या क्रमाने केलेलं असतं. म्हणून खाली पायऱ्या ज्या नंबरने दिल्यात त्याच नंबरने करा, मधेच उडी मारू नका.

## आधी एक गैरसमज काढून टाका

ॲलर्जी केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेत, अंगाच्या बारीक कोंड्यात आणि लघवीत काही प्रोटीन्स असतात (त्यांनाच ॲलर्जन म्हणतात), त्यांची असते. केस फक्त ती घरभर फिरवतात. त्यामुळे केस कापून ॲलर्जी जात नाही आणि कमी केस गळणारी जात आणूनही जात नाही. 'हायपोॲलर्जेनिक', म्हणजे ॲलर्जी कमी करणाऱ्या, म्हणून विकतात त्या जातींचं सांगायचं तर २०११ च्या एका अभ्यासात त्यांच्या घरातल्या धुळीत आणि बाकीच्या कुत्र्यांच्या घरातल्या धुळीत काही फरक सापडला नाही, २०१२ च्या दुसऱ्या अभ्यासात तर अशा कुत्र्यांच्या केसांवर मुख्य ॲलर्जन उलट जास्तच निघालं. एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांत मात्र खूप फरक असू शकतो. म्हणून नवीन कुत्रा आणायचा असेल तर जात बघून ठरवू नका, ज्याला ॲलर्जी आहे त्याला त्याच ठराविक कुत्र्याबरोबर बंद खोलीत तासभर, आणि हे तीन-चार वेळा वेगवेगळ्या दिवशी, बसवून बघा. दमा असेल तर हा प्रयोगही डॉक्टरांना विचारूनच.

दुसरं म्हणजे हे कण फार बारीक असतात, त्यातले काही तासन्‌तास हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटतात, भिंतींनाही चिकटतात. कुत्रा एखाद्या खोलीत दिवसभर नव्हता म्हणजे खोली स्वच्छ आहे असं अजिबात नाही.

## पायरी १: आधी छाती बघा, मग घर

नाक गळणं, शिंका, डोळे खाजणं, चाटलं तिथे अंगावर गांधी उठणं, हा त्रास वाईट असला तरी घरी बदल करत करत सांभाळता येतो. छातीचं वेगळं आहे. रात्री खोकल्याने जाग येणं, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज, जिने चढताना धाप, छाती आवळल्यासारखी वाटणं, यातलं काहीही असेल तर झाडझूड, शाम्पू वगैरे नंतर, आधी डॉक्टर. दमा असलेल्या माणसाला आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा आराम देणारा इनहेलर लागत असेल तर दमा आटोक्यात नाही असं समजायचं, मग दिवसा तो कितीही ठीक दिसो.

सावध: बोलताना एक वाक्य पूर्ण होत नाही, ओठ निळसर दिसतात, लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाते, किंवा इनहेलर घेऊनही फरक पडत नाही, तर घरी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. चेहरा किंवा घसा सुजला, अंगभर गांधी उठून चक्कर आली तरी हेच.

"सवयीने ॲलर्जी जाते, राहू दे कुत्र्याजवळ" असं सांगणारा प्रत्येक कुटुंबात एक असतोच. काहींना सवयीने त्रास कमी झाल्यासारखा वाटतो, पण त्यावर विसंबता येत नाही आणि दमा असलेल्या मुलावर तर हा प्रयोग करायचाच नाही.

## पायरी २: ॲलर्जी खरंच कुत्र्याचीच आहे का, हे ठरवा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि मग पुढचे सहा महिने चुकीच्या गोष्टीशी भांडत बसतात. गादीतले धुळीचे किडे म्हणजे डस्ट माइट्स, भिंतीची बुरशी, झुरळं, परागकण, या सगळ्यांचा त्रास अगदी असाच दिसतो. वर कुत्रा बाहेर गवतात लोळून आला की परागकण अंगावर घेऊन येतो, म्हणजे शिंका कुत्र्याजवळ येतात पण दोष गवताचा असतो.

आधी डायरी. दोन आठवडे घरात काहीही बदलू नका (छातीचा त्रास असेल तर अर्थात थांबायचं नाही). सकाळी आणि रात्री नाक, डोळे, छाती, झोप या चार गोष्टींना ० ते ३ मार्क द्या, कोणतं औषध घेतलं ते लिहा, आणि त्या दिवशी विशेष काय झालं ते एका ओळीत, म्हणजे कुत्र्याला ब्रश केला, गादी झटकली, खिडक्या उघड्या होत्या, कपाट आवरलं वगैरे. सकाळी उठल्या उठल्या त्रास सगळ्यात जास्त आणि दिवसभर कुत्र्याबरोबर खेळूनही कमी, असं दिसलं तर माइट्सचा संशय घ्या. कुत्र्याला कुरवाळल्यावर १०-१५ मिनिटांत डोळे खाजतात, हात लाल होतात, तर संशय कुत्र्यावर.

मग टेस्ट. दोन प्रकार असतात. स्किन प्रिक टेस्टमध्ये हातावर थेंब टाकून हलकं टोचतात आणि १५-२० मिनिटांत कळतं. दुसरी रक्ताची, स्पेसिफिक आयजीई, म्हणजे एखाद्या ठराविक गोष्टीविरुद्ध रक्तात तयार झालेली ॲलर्जीची प्रतिपिंडं मोजणारी. इथे होणाऱ्या चुका:

- स्किन टेस्टच्या आधी ॲलर्जीची गोळी चालू ठेवणं. साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. सर्दीच्या गोळ्यांत आणि खोकल्याच्या औषधांतही बरेचदा तेच अँटीहिस्टामिन (ॲलर्जीच्या गोळीतलं औषध) असतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. दम्याचा इनहेलर मात्र आपल्या मनाने बंद करायचा नाही. रक्ताच्या टेस्टला गोळीने फरक पडत नाही.
- नुसती टोटल आयजीई करून "आकडा जास्त आहे, म्हणजे कुत्र्याचीच" असं ठरवणं. त्या आकड्यातून कशाची ॲलर्जी ते कळतच नाही.
- टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे त्रास त्याचाच, असं धरणं. पॉझिटिव्ह येऊनही काहीच त्रास नसलेली माणसं असतात. टेस्ट आणि डायरी दोन्ही जुळली पाहिजेत.
- कुत्र्याला आठवडाभर दुसरीकडे ठेवून "बघू फरक पडतो का" करणं. कण घरात कित्येक आठवडे, कधी कधी महिने राहतात, त्यामुळे फरक पडत नाही आणि लोक कुत्रा निर्दोष ठरवून मोकळे होतात. करायचंच असेल तर माणसाने दोन आठवडे कुत्रा नसलेल्या घरात राहून बघावं, तेही धुतलेले कपडे घेऊन.

एक गोष्ट विचारण्यासारखी आहे. कुत्र्याच्या ॲलर्जनपैकी कॅन एफ ५ नावाचं एक फक्त नर कुत्र्याच्या प्रोस्टेटमधून येतं. काही लोकांना फक्त त्याचीच ॲलर्जी असते आणि अशांना मादी कुत्री चालू शकते. ही तपासणी सगळीकडे होत नाही, पण अजून कुत्रा आणलेला नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, कारण याच उत्तरावर पुढचं सगळं बदलू शकतं.

## पायरी ३: औषध लगेच सुरू करा, ठरल्याप्रमाणे घ्या

घरातल्या बदलांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, तोपर्यंत माणसाने शिंकत का बसायचं. काही जण म्हणतात की औषध घेतलं तर साफसफाईचा फरक कळणार नाही. नाही कळला तर नाही, माणसाला झोप मिळणं जास्त महत्त्वाचं आहे.

कोणतं औषध ते डॉक्टर ठरवतील, मी फक्त घेण्यातल्या चुका सांगतो. नाकाचा स्टिरॉइड स्प्रे हा त्रास झाला की मारायचा प्रकार नाही, तो रोज घ्यायचा असतो आणि पूर्ण परिणाम यायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, लोक तिसऱ्या दिवशी "चालत नाही" म्हणून बाजूला ठेवतात. मारताना मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे नळी आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने जाते. मधल्या पडद्यावर सारखा मारला की नाकातून रक्त येतं. नंतर जोरात ओढायचं नाही, तसं केलं की औषध सरळ घशात जातं.

चोंदलेलं नाक पटकन मोकळं करणारे जे थेंब मिळतात ते वेगळे, ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक उलट जास्त चोंदायला लागतं आणि मग थेंबांशिवाय श्वासच घेता येत नाही अशी गत होते. मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल तर उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्या. नळाचं पाणी थेट कधीही नाही, त्यातून क्वचित पण जिवावर बेतणारा संसर्ग होऊ शकतो.

## पायरी ४: बेडरूम साफ करायच्या आधी कुत्र्याची झोपायची जागा बदला

सगळ्यात जास्त घोळ याच क्रमात होतो. लोक रविवारी बेडरूम धुऊन-पुसून चकचकीत करतात, रात्री कुत्रा दाराबाहेर रडतो, मंगळवारी कुणाला तरी दया येते आणि बुधवारी कुत्रा परत पलंगावर. साफसफाई पाण्यात. म्हणून आधी कुत्र्याला बाहेर झोपायची सवय, ती पक्की झाली की मगच खोलीची सफाई.

कसं करायचं:

१. त्याचं अंथरूण आधी बेडरूममध्येच, पण पलंगापासून लांब, दाराजवळ. दोन-तीन रात्री.

२. मग दाराच्या अगदी बाहेर, दार उघडं. ॲलर्जी नसलेला एखादा माणूस पहिल्या एक-दोन रात्री तिथे बाहेर झोपला तर काम फार सोपं होतं.

३. मग दार बंद. झोपायच्या आधी चांगलं फिरवून आणा आणि अंथरुणावर चघळायला काहीतरी द्या, म्हणजे ती जागा त्याला शिक्षा वाटत नाही.

४. दार खरवडलं तर रागवायचं नाही आणि उघडायचंही नाही. लघवीची घाई वाटली तर बाहेर नेऊन आणा, पण बेडरूममध्ये घेऊ नका. वीस मिनिटं खरवडल्यावर तुम्ही दार उघडलंत तर तो एवढंच शिकतो की वीस मिनिटं खरवडायचं.

दिवसाही खोलीचं दार बंदच. "दिवसा बसू दे, रात्री नाही" हे चालत नाही, कण काही घड्याळ बघून जात नाहीत. जाळीचं फाटकही पुरेसं नाही, हवा आरपार जाते.

तपासा: सलग आठवडाभर कुत्रा शांतपणे बाहेर झोपला का? घरातले सगळे, आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत, नियम पाळतायत का? नसेल तर पुढे जाऊ नका. घरात एकजण जरी चोरून कुत्र्याला आत घेत असेल तर पुढची पायरी म्हणजे फुकटची मेहनत.

## पायरी ५: बेडरूमची एकदाच, पण खरी सफाई

माणूस दिवसातले सात-आठ तास एका जागी, उशीत तोंड खुपसून घालवतो ती ही खोली, म्हणून घरात एकच खोली नीट करायची ताकद असेल तर हीच करा. ज्याला ॲलर्जी आहे तो त्या दिवशी घराबाहेर, आणि परत येईल तो काम संपल्यावर दोन-तीन तासांनी. काम करणाऱ्याने मास्क लावा.

१. सगळं कापड बाहेर. चादरी, अभ्रे, पांघरुणं, पडदे, पायपुसणी, भरलेली खेळणी, खुर्चीवरची गादी. धुता येईल ते धुवा, ६० अंश पाणी सोसणारं ६० अंशाला, म्हणजे माइट्सचाही निकाल लागतो. गालिचा असेल तर तो या खोलीतून कायमचा गेला असं समजा. गालिचा साफ करता येतो असं लोक म्हणतात, माझं मत विचाराल तर त्यावर घालवलेला वेळ वाया जातो.

२. जुनी उशी, जिच्यावर कुत्रा वर्षानुवर्षं झोपलाय, ती बदला. गादी बदलायला परवडत नसेल तर दोन्ही बाजूंनी सावकाश व्हॅक्यूम करा आणि झिप असलेलं, घट्ट विणीचं ॲलर्जी कव्हर घाला. उशांनाही तसंच.

३. मग वरून खाली. पंख्याची पाती, कपाटाचा माथा, भिंती, दरवाज्याची चौकट, स्विचबोर्डच्या कडा, सगळं ओल्या फडक्याने (स्विचबोर्डला जेमतेम दमट फडकं, मेन बंद करून). फडकं वारंवार धुवा, नाहीतर एका भिंतीचे कण दुसऱ्या भिंतीला लागतात. भिंती पुसायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

४. एसी असेल तर जाळ्या काढून धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा.

५. फरशी शेवटी. कोरडा झाडू नाही, त्याने सगळं परत हवेत उडतं. आधी हेपा, म्हणजे फार बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरचा व्हॅक्यूम, पलंगाखाली आणि कोपऱ्यांत वेळ देऊन, मग ओलं पुसणं.

६. कपडे. कपाटात कुत्र्याचे केस लागलेले स्वेटर तसेच लटकत असतील तर ते धुवा किंवा दुसऱ्या खोलीत हलवा.

त्यानंतर चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात, ओली फरशी दर दोन-तीन दिवसांनी. नवरा-बायकोपैकी एकाला ॲलर्जी असेल आणि दुसरा रात्री सोफ्यावर कुत्र्याला मांडीत घेऊन बसत असेल, तर त्याने त्याच कपड्यांत पलंगावर यायचं नाही. हात-तोंड धुऊन, कपडे बदलून. हा एवढासा नियम न पाळल्यामुळे बेडरूम 'स्वच्छ' असूनही सकाळी नाक चोंदलेलं असतं.

सावध: वास चांगला यावा म्हणून फवारे, उदबत्ती, सुगंधी तेलाचे डिफ्युझर नकोत. दम्याला त्रास होतो आणि टी ट्री ऑइलसारखी तेलं कुत्र्याला विषारी आहेत.

## पायरी ६: बाकीचं घर, जमेल तेवढं

इथे परफेक्ट व्हायला जाऊ नका, थकाल. एक तत्त्व पुरे: कापड कमी, पुसता येणारं जास्त. कापडी सोफ्यावर धुता येणारं कव्हर टाका आणि ते दर आठवड्याला धुवा, किंवा सोफा कुत्र्यासाठी बंद करून त्याला त्याची स्वतःची धुता येणारी गादी द्या. कुत्र्याचं अंथरूण आठवड्यातून एकदा धुवायचं, आणि ते झटकायचं काम ॲलर्जीवाल्याचं नाही. गाडीत कुत्रा बसत असेल तर सीटवर वेगळी चादर, जी गाडीतून उतरल्यावर काढून ठेवता येईल. गाडी ही बंद डबीसारखी जागा आहे, तिथे त्रास पटकन होतो आणि लोक घर घासत बसतात.

## पायरी ७: आता कुत्रा

बघा, कुत्रा सातव्या नंबरवर आला. बहुतेक जण इथून सुरू करतात.

आधी व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर. पिसवा, गोचीड, बुरशी, कुत्र्याला स्वतःची ॲलर्जी, यातलं काही असेल तर तो सारखा खाजवतो, चाटतो, कोंडा दुप्पट झडतो आणि लाळ अंगभर लागते. कातडी निरोगी झाली की निम्मं काम होतं. खाण्यात फिश ऑइल वगैरे द्यायचं असेल तर वजनाप्रमाणे किती, ते व्हेटलाच विचारा.

ब्रश. रोज किंवा दिवसाआड, घराबाहेर, ॲलर्जी नसलेल्या माणसाने. ते कपडे तसेच घालून आत फिरायचं नाही. ब्रश केल्यावर दमट मायक्रोफायबर फडक्याने अंग पुसायचं, तोंडाभोवती आणि पायांना जास्त, कारण चाटून चाटून लाळ तिथेच असते. फिरून आल्यावरही असंच पुसलं की परागकणही जातात.

आंघोळ. आंघोळीने अंगावरचं ॲलर्जन कमी होतं हे खरं, पण तीन-चार दिवसांत ते परत पहिल्याएवढं होतं, म्हणजे फायदा टिकवायचा तर आठवड्यातून दोनदा आंघोळ हवी. इतकी आंघोळ प्रत्येक कुत्र्याच्या कातडीला सोसत नाही, कोरडी पडली की कोंडा वाढतो आणि तुम्ही जिथे होतात तिथेच. मी म्हणेन आठवड्यातून एकदा आंघोळ आणि मधल्या दिवसांत ओलं पुसणं, त्यापेक्षा जास्त करायचं तर व्हेटला विचारून, सौम्य शाम्पूने.

क्रम असा: आधी ब्रश, मग कोमट पाणी कातडीपर्यंत पोचेपर्यंत, मग कुत्र्याचाच शाम्पू (माणसांचा नको, दोघांच्या कातडीचा पीएच वेगळा असतो), बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवायचा, मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं. शाम्पू राहिला की खाज. शेवटी पूर्ण वाळवायचं, दाट केसांच्या कुत्र्याचे आतले केस वरून कोरडे वाटले तरी ओले असतात, आणि ओलसर राहिलं की कातडीला संसर्ग होऊ शकतो.

करू नका: दुहेरी केसांच्या (आत मऊ, वर जाड असे दोन थर असलेल्या) कुत्र्याचं मुंडण. ॲलर्जन कातडीतून आणि लाळेतून येतं, ते थांबत नाही, उलट उन्हाचा त्रास होतो आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. 'ॲलर्जी कमी करणारे' फवारे अंगावर मारायचे असतील तर फार अपेक्षा ठेवू नका, तो मारलेला फवारा कुत्रा चाटणार आहे एवढं डोक्यात असू द्या.

## पायरी ८: प्युरिफायर, घ्यायचाच असेल तर

प्युरिफायर हवेत तरंगणारं पकडतो. गादीत, सोफ्यात, भिंतीवर बसलेल्याला तो काही करत नाही, म्हणूनच तो पाचव्या पायरीनंतर. घेताना बघायचं:

- खरा हेपा, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. 'हेपा टाइप', 'हेपासारखा' असं लिहिलेलं म्हणजे तो नाही.
- खोलीचं माप. साधारण ८ फूट उंच खोलीला जेवढे चौरस फूट त्याच्या दोन तृतीयांश सीएफएम (मिनिटाला घनफूट) इतका सीएडीआर, म्हणजे यंत्र किती स्वच्छ हवा देतं त्याचा आकडा, लागतो, म्हणजे १५० चौरस फुटांच्या खोलीला निदान १००. डब्यावर घनमीटर दर तासाला असं लिहिलं असेल तर १०० सीएफएम म्हणजे साधारण १७०.
- ओझोन सोडणारं यंत्र नको. ओझोनने दमा वाढतो.

बेडरूममध्ये ठेवा, दार-खिडक्या बंद, पडद्याआड किंवा पलंगाखाली कोंबू नका, आणि दिवसभर चालू ठेवा, झोपायच्या आधी अर्धा तास नाही. आवाज होतो म्हणून सगळ्यात कमी स्पीडवर ठेवलात तर डब्यावरचा आकडा विसरा, तो सगळ्यात जास्त स्पीडचा असतो. त्यामुळे जरा मोठाच घ्या आणि मधल्या स्पीडवर चालवा. बाहेरची जाळी दर पंधरा दिवसांनी साफ करा, फिल्टर वेळेवर बदला.

## पायरी ९: ॲलर्जी असलेल्या माणसाचे रोजचे नियम

कुत्र्याला हात लावला की हात धुवायचे, आणि धुवेपर्यंत डोळ्यांना हात नाही. तोंड चाटू द्यायचं नाही. अंगावर घेऊन झोपणं बंद, पण शेजारी बसणं, फिरायला नेणं, अंगणात चेंडू टाकणं चालू ठेवा, बाहेर मोकळ्या हवेत त्रास बराच कमी होतो. लहान मुलाला "कुत्र्याजवळ जाऊ नको" एवढंच सांगितलं तर ते चोरून जाणार. त्यापेक्षा "बाहेर खेळ, मग हात धू, मग टीशर्ट बदल" असा ठरलेला क्रम द्या. ब्रश, आंघोळ, अंथरूण झटकणं, व्हॅक्यूमची पिशवी रिकामी करणं, ही कामं त्याच्याकडे नाहीत. ज्याला ॲलर्जी आहे तोच घरात सगळी साफसफाई करतो अशी कितीतरी घरं आहेत, तिथे कामांची वाटणी बदलल्याशिवाय काही होणार नाही.

## पायरी १०: हिशोब करा

पाचवी पायरी झाल्यापासून सहा आठवड्यांनी डायरी परत दोन आठवडे लिहा आणि पहिल्या डायरीशेजारी ठेवा. आठवणीवर जाऊ नका, परवाच्या एका वाईट रात्रीवरून सगळं फुकट गेलं असं वाटतं.

मार्क कमी झाले आणि औषधही कमी लागतंय, तर आहे तसं चालू ठेवा. औषध कमी करायचं ते डॉक्टरांना डायरी दाखवून.

मार्क तेवढेच, तर नवीन वस्तू विकत घ्यायच्या आधी परत तपासा: बेडरूमचं दार दिवसा खरंच बंद असतं का, कपडे बदलतात का, स्प्रे रोज घेतला जातो का, माइट्स किंवा बुरशीचा विषय राहून गेलाय का. भिंत ओली असेल तर कुत्र्याला कितीही धुवा, फरक पडणार नाही.

हे सगळं नीट होऊनही त्रास आहे, तर डॉक्टरांशी इम्युनोथेरपीबद्दल बोला. यात ॲलर्जन थोडं थोडं वाढवत देतात, साधारण ३ ते ५ वर्षं चालते. डस्ट माइट्स किंवा परागकणांसाठी तिचे पुरावे चांगले आहेत, कुत्र्यासाठी तेवढे भक्कम नाहीत, हे सुरू करायच्या आधीच माहीत असू द्या.

आणि दमा औषधं घेऊनही आटोक्यात येत नसेल, रात्रीच्या जागरणांना किंवा हॉस्पिटलच्या फेऱ्यांना कुत्रा कारण आहे असं डॉक्टर सांगत असतील, तर कुत्र्याला दुसरं घर शोधा. यात दोषी कुणी नाही, मुलाला "तुझ्यामुळे गेला" असं कुणी बोलणार नाही याची काळजी आधी घ्या. घाईने कुणाच्याही हाती देऊ नका, ओळखीतलं असं घर बघा जिथे त्याला आधी दोन-चार वेळा नेऊन सोडता येईल, त्याचं अंथरूण, लसीकरणाचे कागद, खाण्याच्या वेळा सगळं बरोबर द्या. तो गेल्यावर पाचव्या पायरीतली सफाई आता पूर्ण घराची करा, सोफा आणि गाडीसकट, कारण नुसतं सोडून दिलं तर ॲलर्जन घरात कित्येक महिने राहतं, आणि तोपर्यंत स्प्रे-इनहेलर चालूच ठेवा, डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत.